बी.कॉम., बी.बी.ए. की अर्थशास्त्र? अकरावीला एसपी घेतलेल्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लज तालुक्यातली एक मुलगी बारावी कॉमर्स चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावीला तिने गणिताऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, घेतलं होतं. घरचं कृषी सेवा केंद्र आहे. वडील म्हणतात बी.कॉम. कर, मामा म्हणतो बी.बी.ए.ला पुढे स्कोप आहे, आणि तिला स्वतःला अर्थशास्त्र आवडतं, कारण बारावीत सगळ्यांत जास्त मार्क त्याच विषयात पडले. गणित नसताना अर्थशास्त्र झेपेल का, कोल्हापुरातच शिकू की पुण्याला जाऊ, आणि या पदव्यांचा पुढे उपयोग काय, असं तिने विचारलंय.

मी आधी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. पुढे बरीच वर्षं आर्ट्स आणि कॉमर्स दोन्हीकडच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. उत्तर लांब होणार आहे, कारण एका ओळीत सल्ला देणारी माणसं तुझ्या घरात आधीच पुरेशी आहेत.

आधी मार्कांचं बोलू. बोर्डाच्या अर्थशास्त्राच्या पेपरात संकल्पना ओळखा, फरक स्पष्ट करा, विधानाशी सहमत आहात का ते सकारण लिहा, असे प्रश्न असतात. नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलीला त्यात नव्वदच्या घरात मार्क पडतात. ते कष्टाचे आहेत, पण विषय आपला आहे की नाही हे त्यांच्यावरून कळत नाही. ते कळायला चार दिवस दुकानाच्या काउंटरवर बस.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना जाते. बाजूलाच डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना. किलोवर आणलंस तर एक सहा रुपयांच्या आत आणि दुसरं २७ रुपये. युरियाची विक्री किंमत सरकारने बांधून दिलेली आहे आणि उत्पादनाचा वरचा खर्च अनुदान म्हणून कंपनीला मिळतो. डीएपी, पोटॅश वगैरेंना २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू आहे, म्हणजे अनुदानाचा आकडा ठरलेला आणि किंमत निदान कागदावर तरी कंपनीच्या हातात. आता शेतकरी काय करतो ते तू रोज बघतेस. कृषी सहायक माती परीक्षणाचा कागद हातात देतो, तरी गडी युरियाची एक गोणी जास्तच नेतो, कारण ती स्वस्त आहे आणि आठ दिवसांत रान हिरवंगार दिसतं. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडल्याचं मात्र माल वजनकाट्यावर गेला की कळतं.

आणि हंगामात युरिया टंचाईला आला की काय होतं? किंमत तर वाढवता येत नाही. मग वरून निरोप येतो: युरिया हवा असेल तर सोबत हे विद्राव्य खत उचला. तुमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात आणि तुझे वडील त्यावर दोन शिव्या हासडत असतील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी इथे थांबतो. किंमत बांधली म्हणून टंचाई संपत नाही, ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते, कुठे रांगेतून, कुठे ओळखीतून, कुठे लिंकिंगमधून. मग ही किंमत बांधण्याचा फायदा नक्की कोणाला झाला? अल्पभूधारकाला की बागायतदाराला? अनुदान गोणीवर न देता शेतकऱ्याच्या खात्यावर दिलं तर तो तेवढाच युरिया घेईल का? हे प्रश्न तुला रात्री जेवतानाही सुचत असतील, तर अर्थशास्त्र तुझं आहे.

त्याच काउंटरवर दुसरा प्रश्नही पडलेला असतो. जूनमध्ये दहा लाखांचा माल उधारीवर गेला. वसुली उसाचं बिल आल्यावर, म्हणजे जानेवारीत. सात महिने. वडिलांनी तो माल बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल), समज १२ टक्क्यांनी घेतला असेल, तर व्याजच ७० हजार झालं. मालावर सरासरी ५ टक्के सुटत असतील तर नफा ५० हजार. वहीत नफा दिसतो आणि खिशातून २० हजार गेलेले असतात. मग उधारी कोणाला द्यायची, किती दिवसांची, रोखीच्या गिऱ्हाइकाला किती सूट परवडते, बियाण्यात भांडवल अडकवायचं की औषधात? हा धंद्याचा प्रश्न आहे. बाजारभाव आणि नियम आहेत तसे धरून आपण काय करायचं, हे वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवतं. ते भाव आणि ते नियम तसे का आहेत, हे अर्थशास्त्र विचारतं.

दोन्ही प्रश्न एका डोक्यात मावत नाहीत असं मात्र समजू नकोस. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे, म्हणजे अर्थशास्त्राच्या जुन्या संशोधन संस्थेचे, पहिले संचालक. ही संस्था १९३० ची. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा याचं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. याच माणसाने विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबतीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचं अध्यक्षपदही सांभाळलं. शेअर गोळा करणं, कर्ज मिळवणं, ऊस वेळेवर तोडून आणणं हे सगळं त्यात आलं. पुण्यातल्या प्राध्यापकाला गव्हाणीतलं काय कळतं, असं तेव्हा कोणी म्हटलं नसेल असं थोडंच आहे.

आता पदव्यांकडे. बी.कॉम.मध्ये हिशेब, कॉस्टिंग, ऑडिट, कर, कंपनी कायदा आणि सोबत बिझनेस इकॉनॉमिक्सचे काही पेपर असतात. ज्याला सीए, सीएमए, सीएस करायचंय किंवा घरचा धंदा चालवायचाय त्याला ही पदवी सरळ उपयोगी पडते. तिची बदनामी झाली ती कॉलेजात न जाता गाइडवर पास होता येतं म्हणून. त्यात विषयांचा दोष नाही. बी.ए. अर्थशास्त्रात सूक्ष्म, समग्र, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, भारतीय अर्थव्यवस्था, बँकिंग हे सगळं येतं, पण बऱ्याच विद्यापीठांत गणित तोंडी लावण्यापुरतं. बी.एस्सी. अर्थशास्त्र म्हणजे तेच विषय, पण कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि पुढे इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र) असं गणित पहिल्या वर्षापासून अंगावर येतं.

बी.बी.ए.बद्दल माझं मत मामाला आवडणार नाही. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, अखत्यारीत आले आणि राज्यात त्यांना सीईटी सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी सीईटीची भानगड नको म्हणून अभ्यासक्रमाचं नावच बदललं. तेच विषय आता बी.कॉम.च्या पुढे कंसात 'मॅनेजमेंट स्टडीज' लावून शिकवले जातात. म्हणजे नावाच्या पाटीवर जाऊ नकोस. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स हे विषय अठराव्या वर्षी फक्त व्याख्या म्हणून शिकले जातात, कारण पोरांनी अजून दुकान, गोदाम, पगारपत्रक काहीच जवळून पाहिलेलं नसतं. हेच विषय पुढे एम.बी.ए.ला पहिल्यापासून शिकवतात आणि एम.बी.ए.ला कुठलीही पदवी चालते. चांगली नावाजलेली कॉलेजं सोडली तर तीन वर्षांत काही लाख फी भरून हेच विषय दोनदा शिकण्यात मला अर्थ दिसत नाही. तुझं तर दुकान घरातच आहे. तू बी.बी.ए.चा अर्धा अभ्यासक्रम संध्याकाळी सात ते नऊ फुकट करतेस.

आता खरा अडसर, गणित. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अकरावीला 'मॅथ्स की एसपी' ही निवड महाराष्ट्रातली कॉमर्सची पोरं दहा मिनिटांत करतात, बहुतेक वेळा मैत्रीण काय घेते ते पाहून. त्याची किंमत तीन वर्षांनी कळते. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, म्हणजे ते दार तुला आत्ताच बंद आहे. बी.एस्सी. अर्थशास्त्र देणाऱ्या संस्थांपैकी प्रत्येकाची प्रवेशाची अट वेगळी असते, ती नीट वाचून घे. पण दार बंद होणं वेगळं आणि डोकं बंद होणं वेगळं. पदवीला लागणारं गणित अवाढव्य नाही. फलन आणि आलेख, डेरिव्हेटिव्ह (अवकलन), कमाल-किमान काढणं, थोडे मॅट्रिक्स, संभाव्यता, सरासरी आणि प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रतीपगमन (रिग्रेशन). एवढं पक्कं असेल तर पुढचं बांधता येतं.

आणि यातलं बरंचसं तू न घेतलेल्या पुस्तकातच आहे. बारावी कॉमर्सचं गणित व संख्याशास्त्राचं पुस्तक दोन भागांत आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. पहिल्या भागात मॅट्रिक्स, अवकलन, त्याचे उपयोग, समाकलन. दुसऱ्या भागात रेषीय प्रतीपगमन, काल श्रेणी, निर्देशांक, रेषीय नियोजन, संभाव्यता वितरण. कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत अवकलन आणि त्याचे उपयोग ही दोनच प्रकरणं हाताने सोडव. उत्तरं बघत बघत नको, उदाहरण झाकून ठेवून.

ते का लागतं ते एका उदाहरणात दाखवतो. मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती प्रमाणात बदलते, ती तू बारावीत पाठ केली आहेस: लवचीक, अलवचीक, एकक लवचीक, पाच प्रकार, पाच आकृत्या. आता समज एखाद्या मालाची मागणी अशी आहे: शंभरातून किमतीची दुप्पट वजा करायची. किंमत २० असेल तर ६० नग खपतात, मिळकत १२००. किंमत ३० केली तर ४० नग, मिळकत पुन्हा १२००. म्हणजे दुकानदाराला दोन्ही सारखंच? आता २० चे २१ करून बघ: ५८ नग, मिळकत १२१८, वाढली. ३० चे ३१ कर: ३८ नग, मिळकत ११७८, घटली. मागणीची रेषा एकच, माल एकच, आणि भाव एक रुपयाने वाढवला तर एका जागी फायदा, दुसऱ्या जागी तोटा. कारण २० ला लवचीकता दोन तृतीयांश आहे आणि ३० ला दीड. बरोबर २५ ला ती एक होते आणि मिळकत १२५० वर टेकते. अवकलन येत असेल तर हे दोन ओळींत निघतं. 'मीठ अलवचीक, मोटार लवचीक' असं पाठ करणाऱ्याला एकाच मालाची लवचीकता जागोजाग बदलते हेच कधी दिसत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मक्तेदारीचा धडा आला की तो तिथे अडकतो, आणि मग म्हणतो, अर्थशास्त्र फार थिअरॉटिकल आहे.

त्यामुळे माझा सल्ला पदवीच्या नावापेक्षा या एका गोष्टीभोवती आहे. बी.ए. घे किंवा बी.कॉम. घे, पण तीन वर्षांत संख्याशास्त्र किंवा गणित कुठल्या ना कुठल्या रूपात हाताखालून गेलंच पाहिजे. नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजर, म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) असतात. मेजर अर्थशास्त्र आणि मायनर संख्याशास्त्र ही जोडी मिळाली तर डोळे झाकून घे. पोरं मायनर म्हणून सोपा, मार्क देणारा विषय उचलतात. तू तसं करू नकोस.

अभ्यास कसा करायचा ते प्रश्नात विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. नोट्सवर जगू नकोस. प्रत्येक धड्याला एक खरा आकडा जोड. राज्याचा अर्थसंकल्प मांडण्याआधी अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं, ती मराठीतही येते. तीत जिल्हावार तक्ते असतात. कोल्हापूर आणि गडचिरोलीच्या दरडोई उत्पन्नाची तुलना स्वतः काढलीस की विकासाचा धडा वेगळाच वाचता येतो. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि त्यांचं लक्ष्य महागाई ४ टक्क्यांवर, खाली-वर २ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याचं. प्रत्येक बैठकीनंतर निवेदन वाच. कोणी विरोधात मत दिलं असेल तर इतिवृत्त येईल तेव्हा त्याचं म्हणणं आवर्जून वाच. दोन शहाणी माणसं तेच आकडे पाहून वेगळं मत का देतात, हे समजून घेण्यात एका सेमिस्टरचं समग्र अर्थशास्त्र होऊन जातं.

उसाचं तर तुझ्या अंगणात आहे. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, होती क्विंटलला ३४० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसाच्या वजनात निघणारी साखर). वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. समज तुमच्याकडच्या कारखान्याचा उतारा सव्वाबारा टक्के. म्हणजे टनाला एफआरपी झाली ४०६४ रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक कापून शेतकऱ्याच्या हातात. त्या टनातून साखर निघाली साडेबावीस किलो वर शंभर. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. त्या दराने साखरेचे होतात ३७९७ रुपये, म्हणजे नुसत्या उसाचीच किंमत निघत नाही. बाजारात ३७ रुपये मिळाले तर ४५३२. उरले साडेचारशेच्या आसपास, आणि त्यात पगार, दुरुस्ती, व्याज सहसा बसत नाही. म्हणून मळी, बगॅस (उसाचा चोथा), डिस्टिलरी, वीज यांतून जादा मिळकत शोधावी लागते. मग डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ते पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उठले. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली त्यांचं त्या हंगामात काय झालं असेल याचा हिशेब तू करू शकतेस.

त्यात आणखी एक मेख आहे. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत द्यायचं, पण साखर विकायची महिन्याच्या कोट्याप्रमाणे, वर्षभर. मधल्या काळात कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवतो. मी बँकेत असताना ही मालतारण खाती पाहायचो. क्विंटलला ३४०० मूल्यांकन धरलं आणि १५ टक्के दुरावा (बँक सुरक्षेसाठी कर्ज न देता मागे ठेवते तो भाग) ठेवला, तर उचल मिळते २८९० आणि त्यातूनही बँक आपला हप्ता आधी वळता करते. एफआरपी थकली की पेपरात 'कारखानदारांची मनमानी' असा मथळा येतो. कधीकधी ती असतेही. पण हा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला मनमानी कुठे आणि भांडवलाची अडचण कुठे हे वेगळं करता येतं. तुझ्या दुकानाची उधारीही याच साखळीच्या शेवटच्या टोकाला लटकलेली आहे. या एका उदाहरणात हमीभाव, खर्च, खेळतं भांडवल, सरकारी धोरण सगळं आलं. बी.ए. आणि बी.कॉम.च्या भिंती तिथे टिकत नाहीत.

आणि घरात पतसंस्थेचा वार्षिक अहवाल येतच असेल, सभेआधी वाटतात तो. पहिली चार पानं संचालकांच्या फोटोंची असतात, ती उलट आणि ताळेबंदावर जा. फलकावर लिहिलेलं असतं 'निव्वळ एनपीए शून्य टक्के'. एनपीए म्हणजे थकलेलं कर्ज. लोकांना वाटतं कर्ज बुडालेलंच नाही. समज १०० कोटींच्या कर्जात ८ कोटी थकले आणि संस्थेने आजवरच्या नफ्यातून ८ कोटींची तरतूद केली, तरी निव्वळ एनपीए शून्यच येतो. ढोबळ एनपीए मात्र ८ टक्के. दोन्ही आकडे अहवालात असतात, फलकावर एकच असतो. पाच वर्षांचे अहवाल घरात सापडले तर ढोबळ एनपीएचा आकडा ओळीने लिहून काढ. पहिल्या वर्षाचा प्रकल्प तयार झाला.

भाषेची धास्ती बाळगू नकोस. बी.ए.ला मराठीतून लिहिता येतं. पण पुढच्या परीक्षांची पुस्तकं आणि अहवाल इंग्रजीत आहेत. पहिल्या दिवसापासून धडा मराठीत समजून घे आणि सोडवलेली गणितं, तक्ते इंग्रजी पुस्तकातले वापर. आकडे आणि आकृत्यांना इंग्रजी फार लागत नाही, त्यामुळे वाचनाची भीती तिथूनच मोडते.

पुढचं काय, हा प्रश्न पालकांचा असतो आणि रास्त असतो. एक गैरसमज आधी काढून टाकतो, हवं तर तुझ्या वडिलांनाही सांग: बँकेच्या आयबीपीएस परीक्षा, एमपीएससी, यूपीएससी, कॅट या सगळ्यांना कुठलीही पदवी चालते. त्यासाठी बी.कॉम.च हवं असं काही नाही. सीएचं म्हणशील तर पदवीनंतर फाउंडेशन न देता सरळ इंटरमीजिएटला जाता येतं. कॉमर्स पदवीधराला ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. म्हणजे अर्थशास्त्राने तेही दार बंद होत नाही. पण खरं सांगायचं तर सीए करायचं पक्कं असेल तर बी.कॉम.च कर. बी.ए. करून हिशेबाचा पाया नव्याने घालण्यात एक-दोन वर्षं उगाच जातात.

अर्थशास्त्राच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण प्रवेशाच्या वेळी ती कोणी सांगत नाही. नुसत्या बी.ए. अर्थशास्त्रावर 'अर्थतज्ज्ञ' म्हणून नोकरी मिळत नाही. यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा घे: तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणजे हा पाच वर्षांचा रस्ता आहे असं धरूनच चाल. पुढे पुण्यात गोखले संस्था, मुंबईत विद्यापीठाचा जुना विभाग आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ही शेवटची रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभी केली. आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. या सगळ्यांच्या प्रवेश परीक्षांत सूक्ष्म-समग्रबरोबर गणित आणि संख्याशास्त्र येतं. इथेच मराठी माध्यमातली हुशार पोरं मागे पडतात, आणि म्हणूनच वर गणितावर एवढा वेळ घालवला. पदवी चौथ्या वर्षापर्यंत नेऊन संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. हा आकडा पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर ठेव. तिसऱ्या वर्षी आठवून उपयोग नाही.

कोल्हापूर की पुणे? पुण्यात ग्रंथालयं आहेत, व्याख्यानं होतात, स्पर्धा करणारी पोरं भेटतात. त्याचबरोबर खोलीभाडं आणि मेस आहे, आणि पेठांतल्या अभ्यासिकांत बसून 'एमपीएससी करतोय' म्हणत पाच वर्षं घालवलेली पोरंही आहेत. घरच्यांना पुण्याचा खर्च सहज झेपत असेल आणि नावाजलेल्या अनुदानित कॉलेजात किंवा बी.एस्सी.ला जागा मिळत असेल तर जरूर जा. नाहीतर पदवी कोल्हापुरात कर, राहिलेला पैसा पदव्युत्तरसाठी ठेव. पदवीला गाव कुठलं यापेक्षा शिकवायला कोण आहे हे महत्त्वाचं, आणि पदव्युत्तरला मात्र संस्था महत्त्वाची. तुझ्या जागी मी असतो तर कोल्हापुरात बी.ए. अर्थशास्त्र, मायनर संख्याशास्त्र, आणि पहिल्या सुट्टीत हिशेबाची जुजबी ओळख, असं केलं असतं. बी.कॉम. घ्यावंच लागलं तरी रडू नकोस, ओपन इलेक्टिव्हमधून गणित-संख्याशास्त्र काढ आणि एम.ए.ची तयारी सोबत चालू ठेव. कॉमर्सवरून एम.ए. अर्थशास्त्राला गेलेले माझे विद्यार्थी बी.ए.वाल्यांपेक्षा ताळेबंद वाचण्यात सरस निघाले.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात स्वतः जा, एजंटाच्या किंवा पत्रकाच्या भरवशावर राहू नकोस. अर्थशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत ते विचार. अनेक ठिकाणी जागा रिकाम्या असतात आणि सगळा विभाग तासिका तत्त्वावर चालतो. त्या शिक्षकांतही उत्तम शिकवणारे आहेत, पण ते वर्षभर टिकतील याची खात्री कॉलेजच देत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार की तास खरंच होतात का. ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, कुठे करवून घेतात ते विचार. नुसतं प्रमाणपत्र आणून द्यायचं असेल तर त्याऐवजी बाजार समितीत, पतसंस्थेत किंवा सीएच्या ऑफिसात काम मिळवून देतील का ते बघ. मुलींना फीमाफीचा २०२४ चा शासन निर्णय आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांना, ठरावीक प्रवर्गांना आणि आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत आहे. तुझ्या अभ्यासक्रमाला लागू होतो का हे कार्यालयातून विचारून घे, मामाच्या सांगण्यावर गृहीत धरू नकोस. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मायनरची यादी. माहितीपत्रकात आठ विषय छापलेले असतात आणि जुलैत कळतं की 'यंदा वीस विद्यार्थी झाले नाहीत म्हणून' फक्त दोनच चालू आहेत. संख्याशास्त्राचा मायनर गेल्या वर्षी प्रत्यक्ष शिकवला गेला का, कोणी शिकवला, हे विचार, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या कॉलेजाचा फॉर्म भर.